घरचा संगणक आपणच उघडला तर : माझ्या चुका आणि त्यामागची कारणं



"सर, घरचा कॉम्प्युटर बंद पडलाय. पोरगं म्हणतंय, मीच उघडून बघतो. उघडू द्यावं का?" पालकसभा संपल्यावर दर वर्षी कुणीतरी हे विचारतंच. माझं उत्तर "उघडू द्या" असंच असतं. पण एका मे महिन्यात मी स्वतः माझा डेस्कटॉप दुरुस्त करायला बसलो, आणि धुळीच्या साध्या तक्रारीपासून सुरुवात करून पाचव्या दिवशी स्वतःच्याच हाताने घरातली बारा वर्षांची साठवण पुसून बसलो. बिघाड लहानच होता. माझी दुरुस्ती मात्र फार मोठी झाली. तेव्हापासून "उघडू द्या" याच्या पुढे मी बरंच काही सांगतो. ते एकदा नीट लिहून ठेवावं म्हणून हा लेख.

मुळात डेस्कटॉप उघडावासा वाटतो याला कारण आहे. मोबाइल चिकटवून बंद केलेला असतो, डेस्कटॉप स्क्रूवर उभा असतो. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स नावाचं एक प्रमाण आणलं. मदरबोर्डाचं माप किती, त्याला स्क्रूची भोकं कुठे, विजेची वायर कोणत्या आकाराची, हे सगळं त्यात ठरवून दिलं. म्हणून पेटी एका कंपनीची, बोर्ड दुसऱ्या कंपनीचा आणि एसएमपीएस तिसऱ्याचा असला तरी सगळं एकत्र बसतं. आपल्याकडचे 'असेंबल्ड' कॉम्प्युटर याच जोरावर घरोघरी आले. जोडण्यांचे आकारही असे केलेत की चुकीची वायर चुकीच्या जागी सहसा जात नाही. त्यामुळे उघडणाऱ्याला वाटतं, यात काय अवघड आहे? मलाही तसंच वाटलं.

माझा कॉम्प्युटर २०१२ चा. निकालाची कामं सुरू होती आणि तो दर दहा-पंधरा मिनिटांनी आपोआप बंद पडायला लागला. पुन्हा चालू केला की पाच मिनिटं चालायचा, परत बंद. शाळेत स्टाफरूममध्ये सांगितलं तर तिघांनी तीन वेगवेगळ्या स्वरांत एकच निदान केलं : "एसएमपीएस गेला." मी पेटी उघडूनसुद्धा न बघता हजार-बाराशे रुपये घालून नवा एसएमपीएस आणला. तो बसवला आणि कॉम्प्युटर बाराव्या मिनिटाला बंद पडला.

मग पेटीत नीट डोकावलो. आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात, आसपास यंत्रमाग. चादरी आणि टॉवेल विणताना उडणारे कापसाचे बारीक तंतू हवेत असतात, ते खिडकीच्या जाळीवर दिसतात तसेच पेटीतही जातात. प्रोसेसरच्या डोक्यावर ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांचा जो हीट सिंक असतो, त्याच्या आणि पंख्याच्या मध्ये या तंतूंचा चांगला जाड थर बसला होता. चिमटीत धरून उचलला तर गोधडीच्या तुकड्यासारखा अख्खा निघाला. पंखा फिरत होता, पण हवा खाली जातच नव्हती.

हा धडा सातवी-आठवीच्या विज्ञानाचाच आहे. हीट सिंक उष्णता नाहीशी करत नाही, ती फक्त खोलीतल्या हवेला देतो. म्हणजे तो खोलीच्या तापमानापेक्षा थंड कधीच होऊ शकत नाही. समजा काम करताना प्रोसेसर खोलीपेक्षा ४५ अंशांनी जास्त तापतो. डिसेंबरात खोली २५ वर असेल तर प्रोसेसर ७० वर. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी सहज ओलांडतो, तेव्हा तोच प्रोसेसर ८५ च्या पुढे. त्यात तंतूंचा थर बसला की आणखी वाढ. शंभराच्या आसपास गेला की प्रोसेसर आधी स्वतःचा वेग कमी करतो आणि तरीही भागलं नाही तर स्वतःला वाचवायला बंद पडतो. माझा कॉम्प्युटर बिघडलेलाच नव्हता, तो जीव वाचवत होता. पंधरा मिनिटं चालतो, लगेच चालू केला तर पाचच मिनिटं चालतो, हे लक्षण उष्णतेचंच. थांबलेल्या चुलीवरचा तवा गरमच असतो ना, तसं. हे मी वर्गात शिकवतो आणि घरी एसएमपीएस विकत आणतो!

पुढे हौस वाढली. पेटी स्कूटरवर घालून कोपऱ्यावरच्या पंक्चरच्या दुकानात हवा मारून आणली. हे अनेक जण करतात, म्हणून सांगतो. त्या कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचतं, कधी तेलही असतं, आणि हवेबरोबर त्याचे तुषार बोर्डावर बसतात. शिवाय हवेच्या झोताने पंखा त्याच्या नेहमीच्या वेगापेक्षा कितीतरी जोरात फिरतो, बेअरिंग खराब होतं. मऊ कोरडा ब्रश आणि बोटाने धरून ठेवलेला पंखा, एवढ्यावर काम झालं असतं.

त्यानंतर थर्मल पेस्ट. प्रोसेसरचा आणि हीट सिंकचा पृष्ठभाग दिसायला गुळगुळीत असला तरी सूक्ष्म खाचखळगे असतात, त्यात हवा अडकते आणि हवा उष्णतेची दुर्वाहक. ती हवा हटवून तिथे बसायला ही पेस्ट असते. आठ-दहा वर्षांत ती खडूसारखी सुकते, त्यामुळे बदलायची ठरवलं ते चूक नव्हतं. फक्त ती तुरीच्या दाण्याएवढी लागते, टूथपेस्टसारखी लावायची नसते. आणि हीट सिंक काढायच्या आधी कॉम्प्युटर थोडा वेळ चालवून कोमट करावा, म्हणजे सुकलेली पेस्ट सैल होते. काही प्रोसेसरांच्या खाली पिना असतात. त्यात हीट सिंक सरळ ओढला तर प्रोसेसरही चिकटून सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. म्हणून ओढायचा नाही, हलकेच पिळून सोडवायचा. माझ्या प्रोसेसरला खाली पिना नव्हत्या, म्हणून वाचलो.

हीट सिंकच्या चार कोपऱ्यांना प्लास्टिकच्या चार पिना होत्या. कर्णावरच्या दोन-दोन जोडीने दाबायच्या, 'टक्' असा आवाज आला पाहिजे. मला तीनच आवाज आले. चौथा मी गृहीत धरला. (वर्गात मुलं उत्तर गृहीत धरतात तेव्हा आपण काय बोलतो ते आठवलं.) मग मागची बाजू बघून ती पिन बसवली. या धांदलीत एक स्क्रू बोर्डाखाली घरंगळला. पेटी उलटी करून हलवली तेव्हा तो पडला. तो तसाच राहिला असता तर बोर्डाच्या खालच्या बाजूला शॉर्ट करून गेला असता. स्क्रूंचंही एक आहे : पेटीत दोन जातींचे स्क्रू असतात, हार्ड डिस्कचे मोठ्या आट्यांचे आणि सीडी ड्राइव्हचे बारीक आट्यांचे. दिसायला सारखेच. एक दुसऱ्याच्या भोकात जोर लावून बसवला की आटे कायमचे गेले.

सगळं जोडलं, बटण दाबलं. पंखे फिरले, दिवा लागला, पडद्यावर मात्र काही नाही. घरी दुरुस्ती करणाऱ्याचा खरा छळ इथे सुरू होतो, कारण 'डिस्प्ले नाही' या एका लक्षणामागे दहा कारणं असू शकतात.

मी आपला राष्ट्रीय उपाय केला : रॅम काढून खोडरबरने घासली. हा उपाय चालतो, पण बहुतेक वेळा खोडरबरामुळे नव्हे. रॅम नुसती काढून परत बसवली की तिच्या सोनेरी पट्ट्या आणि सॉकेटमधले संपर्क एकमेकांवर घासले जातात, मधला मळ बाजूला होतो आणि कॉम्प्युटर सुरू होतो. सोन्याचा तो मुलामा अगदी पातळ असतो, दर वेळी रबराने घासला तर तोच निघून जातो आणि रबराचा चुरा सॉकेटमध्ये पडला तर नवीन दुखणं. आधी नुसती काढून घाला, दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या लागल्या का ते बघा.

रॅम घासून झाली, काही नाही. एका व्हिडिओत बघून बोर्डावरची गोल बॅटरी काढून परत घातली, तरी काही नाही. नवा एसएमपीएस काढून जुना लावला, मॉनिटरची वायर बदलली, कीबोर्ड काढला. दुपारी चार वाजेपर्यंत मी इतक्या गोष्टी हलवल्या होत्या की आधी काय कसं होतं हेच आठवेना.

त्याच संध्याकाळी माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील निकालाबद्दल विचारायला घरी आले. ते यंत्रमाग कारखान्यात जॉबर आहेत, म्हणजे माग बंद पडला की तो चालू करून देणारा माणूस. जमिनीवर पसरलेला माझा संसार बघून म्हणाले, "सर, मला यातलं काय कळत नाही. पण पडद्यावर दिसत होतं, तिथपासून तुम्ही काय काय हलवलं ते ओळीनं सांगा की." मी सांगायला लागलो. हीट सिंक काढताना हात जात नव्हता म्हणून एक वायर उपटली होती, हे सांगताना माझ्याच लक्षात आलं. ती चार पिनांची छोटी वायर, प्रोसेसरला वेगळी वीज देणारी. ती परत लावलीच नव्हती. ती नसली तरी पंखे फिरतात, दिवे लागतात, म्हणून 'वीज येतेय' असं वाटतं, पण प्रोसेसर उपाशी असतो.

ते म्हणाले, "आमच्याकडे नवीन पोरगा आला की त्याला पहिलं हेच सांगतो, सर. एक नट फिरवला की माग चालवून बघायचा. मग दुसरा."

निदानाच्या पद्धतीबद्दल इतकं नेमकं मी कुठल्याच व्हिडिओत ऐकलं नव्हतं. एका वेळी एकच बदल, लगेच तपासणी, आणि फरक पडला नाही तर तो बदल मागे घेऊन मगच पुढचा. विज्ञानाच्या प्रयोगात आपण 'बाकीचे घटक स्थिर ठेवा' म्हणतो, तेच. मी आता पेटी उघडण्याआधी मोबाइलवर चार बाजूंनी फोटो काढतो आणि शेजारी वही ठेवतो. बटणाच्या आणि दिव्यांच्या ज्या बारीक वायरी बोर्डाच्या कोपऱ्यात लागतात, त्यांच्यासाठी तर फोटो हवाच. बटणाची वायर उलटी लागली तरी चालते, दिव्याची उलटी लागली तर दिवा लागत नाही आणि आपण भलतंच शोधत बसतो.

आणखी एक उपयोगी गोष्ट. बोर्डाला बीप वाजवणारा छोटा स्पीकर लागतो, हल्ली पेट्यांत तो नसतोच. वीस-तीस रुपयांना मिळतो. सगळी रॅम काढून कॉम्प्युटर चालू करा. 'रॅम नाही' अशी ओरड करत बीप वाजले, तर निदान बोर्ड आणि प्रोसेसर जिवंत आहेत. काहीच वाजलं नाही तर शोध विजेकडे न्या. बीप किती आणि कसे, याचा अर्थ बोर्डाप्रमाणे बदलतो, तो पुस्तिकेत बघावा. बोर्डावरचे उभे नळकांड्यांसारखे कपॅसिटरही बघा. त्यांचं डोकं सपाट हवं. २००० च्या आसपास आणि पुढची काही वर्षं सदोष द्रावणाच्या कपॅसिटरांनी जगभरातले बोर्ड निकामी केले होते. डोकं फुगतं किंवा तपकिरी चिकट द्राव गळतो. आपल्या शाळांत अजून पडून असलेल्या जुन्या मशिनी उघडल्या तर ते मुलांना दाखवता येतं.

आता कथेचा वाईट भाग.

चार पिनांची वायर लावली, पडदा उजळला, आम्ही दोघंही हसलो. पण विंडोजचं चिन्ह आलं आणि क्षणभर निळा पडदा दिसून कॉम्प्युटर परत पहिल्यापासून सुरू. पुन्हा तेच. मी ठरवून टाकलं की विंडोज करप्ट झाली. खरं कारण वेगळं होतं. दुपारी मी ती गोल बॅटरी काढली होती. तीन व्होल्टची ती सीआर २०३२ बॅटरी बोर्डाची तारीख-वेळ आणि मांडणी लक्षात ठेवते. ती काढली की सगळं मूळपदावर जातं. हार्ड डिस्कशी बोलायच्या दोन रीती त्या मांडणीत असतात, एएचसीआय आणि आयडीई. माझी जुनी विंडोज पहिल्या रीतीत बसवलेली होती, बोर्ड दुसऱ्या रीतीवर परत गेला. विंडोजला स्वतःची डिस्कच ओळखू येईना. त्या निळ्या पडद्यावर एक सांकेतिक आकडा असतो, त्याच्या शेवटी ७बी असेल तर बहुधा हेच कारण. बायोसमध्ये जाऊन एक ओळ बदलायची, दोन मिनिटांचं काम. पण जॉबरसाहेबांनी तासाभरापूर्वी विचारलेला प्रश्न मी स्वतःला परत विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी पेनड्राइव्हवरून नवी विंडोज टाकायला घेतली. रोज आपण डिस्कचे भाग सी, डी, ई असे ओळखतो. इन्स्टॉल करतानाच्या यादीत ही अक्षरं नसतात. तिथे पार्टिशन १, २, ३ असं लिहिलेलं असतं आणि पुढे आकार. माझे सी आणि डी जवळजवळ सारख्याच आकाराचे. मी एक निवडला, फॉर्मॅट केला, पुढे गेलो. अर्ध्या तासाने नवी विंडोज सुरू झाली. दुसरा ड्राइव्ह उघडला, तर आत जुन्या विंडोजचा फोल्डर जसाच्या तसा. म्हणजे पुसला गेला होता तो डी. त्यात वर्गांचे फोटो होते, प्रश्नपत्रिका होत्या, आणि माझ्या आईच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या होत्या. जुन्या मोबाइलवर मी तुकड्या-तुकड्यांत रेकॉर्ड केलेल्या, एकूण १४. आई २०१४ मध्ये गेली. दुसरीकडे प्रत नव्हती.

इथे पालकांनी थोडं समजून घ्यावं, कारण हे कुणाच्याही घरी होऊ शकतं. 'क्विक फॉर्मॅट' केलं की फायली लगेच पुसल्या जात नाहीत, फायलींची यादी जाते. शाळेचं जनरल रजिस्टर फाटलं तरी मुलं वर्गातच बसलेली असतात, फक्त कोण कुठे ते कळत नाही. पण त्याच जागी नवीन मुलं आणून बसवली तर जुनी खरोखरच गेली. माझ्या नव्या विंडोजने अशी वीसेक जीबी जागा बळकावली होती. म्हणून चूक कळली की त्याच क्षणी कॉम्प्युटर बंद करायचा, त्या डिस्कवर आणखी काहीही लिहायचं नाही. नव्या एसएसडीत हे रजिस्टरचं उदाहरणसुद्धा लागू पडत नाही. फॉर्मॅटनंतर ती रिकाम्या झालेल्या जागा स्वतःच साफ करते, आणि मग काही मिळण्याची आशा जवळपास उरत नाही. माझी जुनी फिरती डिस्क होती, हे नशीब.

मी डिस्क काढून एका मित्राच्या कॉम्प्युटरला जोडली आणि फोटोरेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर चालवलं. ते यादी बघतच नाही. प्रत्येक प्रकारच्या फाइलची सुरुवात ठरलेल्या खुणेने होते, जेपीजी फोटोची सुरुवात एफएफ डी८ ने, तशा खुणा शोधत ते डिस्क सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचतं. सापडेल ते दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवतं. रात्रभर चाललं. सकाळी १६ हजारांवर फायली, पण नावं एकाचीही नाहीत : एफ आणि पुढे लांबलचक आकडा. फोटोंच्या आत काढल्याची तारीख लपलेली असते, तिच्यावरून वर्षं लावता आली. प्रश्नपत्रिका उघडल्या तर इंग्रजी अक्षरांचा नुसता गोंधळ. त्या युनिकोडच्या आधीच्या, श्रीलिपीत टाइप केलेल्या. जुन्या सी ड्राइव्हवरून फॉन्ट उचलून बसवला तेव्हा कुठे मराठी दिसली.

एवढं करूनही एक विनोद बाकी होता. नव्या विंडोजवर शाळेची माहिती भरायचं संकेतस्थळ उघडेना, बँकेचंही उघडेना. दोन दिवस मी राउटर बंद-चालू करत होतो. बॅटरी संपलेली होती, कॉम्प्युटरची तारीख २०१२ च्या जानेवारीत गेली होती. सुरक्षित संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राला सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते. आपलं घड्याळ त्या सुरुवातीच्याही मागे असलं की ब्राउझर दार उघडत नाही. शेवटी तीस रुपयांची बॅटरी बदलली.

मग मुलाला उघडू द्यावं का? द्यावं, पण तीन गोष्टी पाळून. आधी घरातला महत्त्वाचा डेटा दुसऱ्या डिस्कवर उतरवा आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवा. मुख्य वायर भिंतीतून काढा, आणि आत हात घालण्याआधी पेटीच्या उघड्या धातूला हात लावायची सवय लावा, आपल्या कोरड्या उन्हाळ्यात अंगावरची स्थिर वीज जास्त असते. आणि एसएमपीएसची पेटी उघडायची नाही, तुम्हीसुद्धा नाही. २३० व्होल्टच्या एसीचं शिखर सुमारे ३२५ व्होल्ट असतं, आतला मोठा कपॅसिटर तेवढा भार वायर काढल्यावरही काही काळ धरून ठेवू शकतो. तिथला जळका वास आला तर ती सरळ बदलावी. एक चकवा मात्र लक्षात असू द्या : नुसता सोडून चालवल्यावर त्याचा पंखा फिरला, म्हणजे तो चांगला असं होत नाही. कामाचा भार आल्यावर व्होल्टेज पडतं का, ते दुकानदाराकडून तपासून घ्या. मी नाहक घेतलेला एसएमपीएस आता शाळेच्या एका कॉम्प्युटरमध्ये आहे, उत्तम चालतो.

डिस्कवरच्या फायली मी अजून लावतोय. दिवाळीच्या सुट्टीत दोन माजी विद्यार्थिनी येऊन त्यांच्या बॅचचे फोटो ओळखून गेल्या, ज्यांची नावं मला आठवत नव्हती तीही त्यांनी सांगितली. ओव्यांच्या १४ रेकॉर्डिंगपैकी ९ मिळाली. आठ पूर्ण आहेत. नवव्यात आई दोन ओव्या म्हणते, तिसरी सुरू करायला श्वास घेते, आणि फाइल तिथे संपते. जॉबरसाहेबांना मी ती ऐकवली. त्यांनी विचारलं, "सर, याची दुसरी प्रत केली ना?" केली आहे, तीन ठिकाणी.